पहिल्या व्हायलमध्ये नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने केपीव्ही हे दाहशामक म्हणून गाजलेलं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) विकत घेतलं आणि रॉ २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना दिलं. १०० मायक्रोमोलर, २४ तास. मग मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) न बदलता त्याच वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, १ मायक्रोग्रॅम प्रति मिली एलपीएस, हा दाह भडकवणारा जिवाणूंच्या भिंतीतला पदार्थ, आणखी २४ तास. शेवटी वरचं मीडियम काढून टीएनएफ-अल्फा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाची एलायझा, म्हणजे अँटीबॉडीने केलेली मोजणी. नुसत्या एलपीएसच्या वेलमध्ये ९८०० पिकोग्रॅम प्रति मिली, पेप्टाइड आणि एलपीएसच्या वेलमध्ये ४१००. म्हणजे ५८ टक्के घट. पेशी जिवंत आहेत का ते सांगणाऱ्या एमटीटी चाचणीत पेशी ठणठणीत. व्हायल संपली म्हणून दुसरी मागवली, सगळं तसंच्या तसं केलं, आणि घट गायब. ती विचारते, "दुसरी बॅच खराब आली असं धरून कंपनीला तक्रार करू का? गाइड म्हणतात, पहिल्या निकालावर उंदरांचे प्रयोग सुरू करू."

तक्रार इतक्यात नको, आणि उंदीर तर मुळीच नकोत. तुम्ही पाठवलेला तक्ता आणि दोन्ही बॅचची प्रमाणपत्रं मी नीट पाहिली. माझा संशय दुसऱ्या बॅचवर नाहीच. तो पहिलीवर आहे.

तक्त्यात एक रकाना असा आहे ज्याच्याबद्दल तुम्ही प्रश्नात एक अक्षर लिहिलेलं नाही. नुसत्या पेप्टाइडचा, एलपीएस न घातलेला. काहीच न घातलेल्या पेशींमध्ये टीएनएफ ४०. दुसऱ्या बॅचच्या नुसत्या पेप्टाइडमध्ये ४५, म्हणजे तेवढाच. आणि पहिल्या बॅचच्या नुसत्या पेप्टाइडमध्ये २१०. शेजारी ९८०० चा खांब उभा असला की २१० आलेखात दिसतही नाही, पट्टीवर सपाट रेघ येते. पण दाह शमवणारं पेप्टाइड शांत बसलेल्या मॅक्रोफेजला एकट्याने टीएनएफ काढायला लावतं, आणि तेही पाचपट, हे कसं? या आकड्यापाशी थांबायला हवं होतं. त्याच्याकडे मी परत येते. आधी व्हायलमधल्या पावडरीचा हिशोब करू, कारण तिथे दुसरा एक घोळ आहे आणि तो सोडवल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

केपीव्ही म्हणजे लायसिन, प्रोलिन, व्हॅलिन. १३ अमिनो आम्लांच्या अल्फा-एमएसएच या हार्मोनची ही शेवटची तीन. १९८९ मध्ये हिल्ट्झ आणि लिप्टन यांनी दाखवलं की हे शेपूट एकटंही दाह कमी करतं. गंमत अशी की अल्फा-एमएसएच ज्या भागाने मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरला धरतं तो भाग मधला आहे: हिस्टिडिन, फेनिलअॅलनिन, आर्जिनिन, ट्रिप्टोफॅन. केपीव्हीत तो नाहीच. म्हणजे किल्लीचे दाते तोडून टाकले, हातात नुसतं कडं उरलं, तरी दार थोडंफार उघडतं. ते कसं, यावर बरंच काम झालं आणि त्यातलं तुमच्या उपयोगाचं पुढे येईल.

या रेणूचं वजन ३४२.४. तुम्ही ५ मिलिग्रॅमची व्हायल घेतली, ३४२.४ ने भागलं, १४.६ मायक्रोमोल आले, १.४६ मिली पाणी घातलं आणि १० मिलिमोलर असं लिहून ट्यूब फ्रीजरमध्ये ठेवल्या. गणित बरोबर, पण पावडर म्हणजे नुसतं पेप्टाइड नव्हे. पहिल्या बॅचच्या प्रमाणपत्रावर "टीएफए सॉल्ट" लिहिलंय. पेप्टाइड शुद्ध करताना एचपीएलसी या पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीतल्या द्रावणात ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल (टीएफए) असतं आणि ते प्रत्येक मोकळ्या अमाइनला चिकटून राहतं. केपीव्हीत अशा जागा दोन: एक टोकाला, एक लायसिनच्या बाजूच्या साखळीवर. एका टीएफएचं वजन ११४. दोन धरले तर मिठाचं वजन जातं ५७०.५ वर, आणि त्यातलं पेप्टाइड फक्त ६० टक्के. मोठ्या पेप्टाइडमध्ये हा फरक इतका बोचत नाही, पण तीन अमिनो आम्लांच्या पिटुकल्या रेणूला दोन टीएफए म्हणजे पोरापेक्षा दप्तर जड. शिवाय पावडर हवेतलं पाणी ओढते ते वेगळंच. थोडक्यात, तुमचं १० मिलिमोलर स्टॉक खरं तर जेमतेम ६ मिलिमोलर होतं, आणि वेलमध्ये १०० नव्हे तर ६० मायक्रोमोलर पेप्टाइड गेलं.

"पण शुद्धता ९८ टक्क्यांच्या वर लिहिलीय की." ती एचपीएलसीची शुद्धता. २१४ नॅनोमीटरवर दिसणाऱ्या पदार्थांपैकी ९८ टक्के केपीव्ही आहे, एवढाच तिचा अर्थ. पाणी आणि मीठ त्या मोजणीत धरलेलंच नसतं. कंपनीला लिहाच, पण तक्रार नको. "निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण" किती ते विचारा. सांगत नसतील तर अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या: ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास उकळून सुटी झालेली अमिनो आम्लं मोजणं. नॅनोड्रॉप या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर २८० नॅनोमीटरला ठेवून काही हाती लागणार नाही, कारण केपीव्हीत ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसिनही नाही. बीसीएसारख्या रंगावरून प्रथिन मोजायच्या पद्धती इतक्या छोट्या पेप्टाइडला भरवशाच्या नाहीत.

दुसरी बॅच अॅसिटेट सॉल्ट आहे. एक अॅसिटेट धरलं तरी वजन ४०२.५, म्हणजे पेप्टाइड ८५ टक्के. आता दोन्ही बॅच शेजारी ठेवा. सगळं "तसंच्या तसं" केल्यामुळे दुसऱ्या वेळी पेशींना पेप्टाइड जास्त मिळालं, जवळजवळ दीडपट. पेप्टाइड वाढलं आणि परिणाम गेला. पहिल्या वेळचा परिणाम पेप्टाइडचा असता तर असं व्हायला नको होतं. डोस वाढवल्यावर परिणाम उलटा घसरतो अशा घंटेच्या आकाराच्या आलेखाची आठवण कोणी करून देईल. मेलॅनोकॉर्टिन पेप्टाइड्समध्ये असे आलेख पाहिलेले आहेत, हे खरं. पण ६० वरून ८५ वर जाताना ५८ टक्क्यांचं शून्य होत नाही. ती उतरण इतकी खडी नसते.

मग पहिल्या व्हायलमध्ये असं काय होतं जे दुसरीत नव्हतं? टीएफए तर होतंच. ते निरुपद्रवी असतं असं समजू नका. १९९९ मध्ये कॉर्निश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेप्टाइडसोबत येणारं ट्रायफ्लुओरोअॅसिटेट हाडाच्या आणि कूर्चेच्या पेशींची वाढ रोखतं, आणि तेही नॅनोमोलरच्या घरातल्या मात्रेत. तुमच्या वेलमध्ये ते शंभरावर मायक्रोमोलर होतं. तेव्हा टीएफएला संशयितांच्या यादीतून काढायचं असेल तर तेवढंच सोडियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेट घातलेली वेल हवी. पण २१० चा आकडा टीएफएने समजावता येत नाही. त्याला दुसरं कोणीतरी लागतं, आणि माझ्या मते ते एंडोटॉक्सिन आहे.

इथे बरेच जण गोंधळतात. ते म्हणतात, एंडोटॉक्सिन म्हणजे एलपीएसच. पेप्टाइडमध्ये ते असतं तर टीएनएफ वाढला असता, कमी कसा होईल? एकाच वेळी घातलं असतं तर हे बरोबर होतं. पण तुमची रचना पुन्हा वाचा. आधी पेप्टाइड २४ तास, मग एलपीएस. मॅक्रोफेजला आधी थोडंसं एलपीएस चाखवलं आणि काही तासांनी मोठा डोस दिला, तर ती पेशी दुसऱ्या वेळी मवाळ वागते. टीएनएफ कमी काढते. याला एंडोटॉक्सिन टॉलरन्स म्हणतात आणि त्यात काही नवं नाही. म्हणजे मळलेलं पेप्टाइड, आधी देण्याची रचना आणि टीएनएफची मोजणी, ही तिन्ही जुळली की कुठलीही घाण दाहशामक ठरते. पेशी मरत नाहीत, त्यामुळे एमटीटीही साफ येते. तुमच्या तक्त्यातला २१० हा त्या पहिल्या घोटाचा पुरावा असावा.

हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण मी स्वतः यात सात महिने घालवले आहेत. आमचं पेप्टाइड वेगळं होतं, जरा लांब. घट सुरेख यायची, डोसप्रमाणे वाढायची. एक दिवस सहकाऱ्याने चुकून पेप्टाइडऐवजी नुसतं बफर घातलं आणि घट तेवढीच आली. त्या बफरची बाटली आमचीच होती: काचेची, ऑटोक्लेव्ह केलेली, झाकणावर माझ्याच अक्षरात तारीख. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, त्यांच्या भिंतीतलं एलपीएस तसंच राहतं. ते जाळायला कोरडी उष्णता लागते, २५० अंशांवर अर्धा तास. डोसप्रमाणे परिणाम वाढत होता, कारण डोसप्रमाणे बफरही वाढत होतं! तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक डोसच्या शेजारी तेवढ्याच बफरची वेल असते. तुमच्या प्लेटवर ती एकच आहे. तीही दुसऱ्या वेळीच घातलेली दिसते.

आता शोध कसा घ्यायचा. मोठ्या प्रथिनांमध्ये एक सोपी युक्ती चालते: नमुना उकळा. प्रथिन मोडतं, एंडोटॉक्सिन टिकतं. उकळल्यावरही परिणाम राहिला तर चोर सापडला. केपीव्हीला ही युक्ती लागू नाही. तीन अमिनो आम्लांच्या साखळीला घडीच नसते, मग मोडणार काय? उकळूनही ते तसंच राहतं.

पण त्याच्या लहानपणाचाच फायदा घेता येतो. स्टॉक १० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरमधून फिरवा. ३४२ वजनाचा रेणू चाळणीतून पाणी गळावं तसा खाली जातो, टीएफएही जातं. एलपीएस मात्र पाण्यात एकट्यादुकट्याने राहत नाही, गठ्ठे करून राहतं, आणि ते गठ्ठे बहुतेक वरच अडकतात. मग खालचं पाणी आणि वरचा उरलेला अंश, दोन्ही वेगवेगळ्या वेलमध्ये घाला. घट वरच्या अंशाबरोबर गेली तर ती केपीव्हीची नव्हे. खालच्याबरोबर गेली तर केपीव्ही किंवा टीएफए, आणि त्या दोघांना सोडियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेटची वेल वेगळं करेल. एक काळजी घ्या: नव्या फिल्टरच्या पडद्यावर ग्लिसरीन असतं, ते आधी एंडोटॉक्सिनमुक्त पाण्याने दोनतीनदा धुवून काढा. नाहीतर ग्लिसरीनचा परिणाम मोजत बसाल आणि मला आणखी एक प्रश्न पाठवाल.

त्याबरोबर एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी कराच. हॉर्सशू क्रॅब या घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या रक्तपेशींपासून बनते ती. एक एंडोटॉक्सिन युनिट म्हणजे ढोबळमानाने ०.१ नॅनोग्रॅम. तुमच्या वेलमध्ये दर मिलीला साधारण ३४ मायक्रोग्रॅम पावडर गेली. तिच्यात मिलिग्रॅममागे १०० युनिट असतील तर वेलमध्ये ३.४ युनिट प्रति मिली, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याएवढं नॅनोग्रॅम. रॉ पेशींना जागं करायला एवढं पुरतं. चाचणी करताना नमुन्यात ओळखीचं एंडोटॉक्सिन मिसळून ते परत पूर्ण मोजलं जातं का ते बघा, कारण टीएफएचा आंबटपणा चाचणीच दाबून टाकू शकतो आणि मळलेला नमुना स्वच्छ म्हणून सुटतो. तुमचं स्टॉक किती आंबट आहे हे कळायला यंत्रही नको. १० मिलिमोलर स्टॉकचे ५० मायक्रोलिटर मिलीभर मीडियममध्ये टाका आणि त्यातल्या फिनॉल रेड या आम्लता दाखवणाऱ्या रंगाकडे बघा. गुलाबी केशरीकडे झुकलं तर पीएच जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी एक साधी गोष्ट: पेप्टाइड आणि एलपीएस एकाच वेळी घातलेली मालिका. टॉलरन्सला वेळ लागतो, त्यामुळे एकत्र घातल्यावर घट नाहीशी झाली तर संशय बळावतो. पण त्यावरून लगेच निकाल देऊ नका. पेप्टाइडला पेशीत शिरायलाही वेळ लागतो, तेव्हा मध्ये अर्धा तास, एक तास असेही टप्पे ठेवा.

ओळखीबद्दल थोडक्यात. दोन्ही व्हायलमध्ये केपीव्हीच आहे हे कशावरून? मास स्पेकवर (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) ३४३.२३ चा शिखर दिसला म्हणून? प्रोलिन-लायसिन-व्हॅलिन या क्रमाचाही तोच येईल. तीन अक्षरांच्या सहाही मांडण्यांचं वजन एकच. रेणू फोडून बघायला सांगा. केपीव्हीत प्रोलिन-व्हॅलिनचा २१५.१४ चा तुकडा ठळक दिसायला हवा. शिवाय कुठलं केपीव्ही मागवलं होतं? शरीरातल्या अल्फा-एमएसएचच्या शेवटच्या व्हॅलिनवर अमाइड असतो. काही शोधनिबंध अमाइड वापरतात, काही दोन्ही टोकं झाकलेलं, काही दोन्ही मोकळी. साध्या केपीव्हीचा शिखर ३४३.२३, अमाइडचा ३४२.२५. एका अंकाचा फरक, पण पेशीत शिरण्याच्या दृष्टीने तो रेणू वेगळाच. आणि हा पदार्थ इतका पाणीप्रेमी आहे की एचपीएलसीच्या साध्या सी-१८ कॉलमवर तो धड थांबत नाही, मीठ आणि कचऱ्याबरोबर सुरुवातीलाच निसटतो. प्रमाणपत्रावरच्या क्रोमॅटोग्राममध्ये शिखर अगदी डावीकडे चिकटलेला असेल तर त्या ९८ टक्क्यांवर माझा भरवसा बसत नाही.

तुमच्या दुसऱ्या बॅचला शून्य परिणाम का, हाही प्रश्न उरतोच. केपीव्ही खोटं आहे असा त्याचा अर्थ नाही. तुमची रचना छोटा परिणाम पकडायला बनलेलीच नाही. १ मायक्रोग्रॅम एलपीएस म्हणजे ढोल बडवत असताना कुजबूज ऐकायला बसणं. रॉ पेशी याच्या कितीतरी कमी मात्रेत पूर्ण चेकाळतात. आधी एलपीएसचा स्वतःचा डोस-आलेख काढा आणि कमालीच्या निम्म्यावर जी मात्रा येईल ती धरा. बहुधा ती १ ते १० नॅनोग्रॅमच्या आत येईल. वेळही चुकीची आहे. टीएनएफ हा लवकर येणारा पाहुणा, पहिल्या चारसहा तासांतच त्याचा जोर दिसतो. २४ तासांनी तुम्ही साठलेला ढीग मोजता, नळ किती वेगाने वाहत होता ते नाही. ४ ते ६ तासांना टीएनएफ मोजा, आयएल-६ हे दाहाचं दुसरं प्रथिन आणि ग्रीस पद्धतीने नायट्राइट बघायचं असेल तर ते २४ ला ठेवा. डेक्सामेथासोन या दाहशामक स्टेरॉइडची वेल तुमच्या प्लेटवर नाहीच. ओळखीचं औषध ज्या प्लेटवर काम करत नाही, त्या प्लेटवर केपीव्हीने केलं काय आणि न केलं काय.

आता पेशीची निवड. २००८ मध्ये दाल्मासो, मर्लिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केपीव्ही आतड्याच्या पेशींमध्ये पेपटी-१ या वाहकातून शिरतं. हा वाहक फक्त दोन आणि तीन अमिनो आम्लांचीच पेप्टाइड्स उचलतो. आत गेल्यावर एनएफ-कप्पा-बी आणि मॅप कायनेज या दाहाचे संकेत नेणाऱ्या वाटा मंदावतात, आणि तेही नॅनोमोलर मात्रेत. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने मेलॅनोकॉर्टिन-१ रिसेप्टर निकामी असलेल्या उंदरांमध्येही केपीव्हीचा फायदा पाहिला, म्हणजे सगळं काम त्या रिसेप्टरवर अवलंबून नाही. मग पहिला सवाल हा की तुमच्या रॉ पेशींमध्ये पेपटी-१ आहे का, आणि असला तर किती? वेस्टर्न ब्लॉट करा. नसेल तर दुसऱ्या बॅचचं शून्य अगदी रास्त आहे. दारच नाही तर पाहुणा येणार कुठून?

मी असते तर कॅको-२ या माणसाच्या आतड्याच्या पेशी घेतल्या असत्या आणि एलपीएसऐवजी आयएल-१ बीटा या दाहाच्या प्रथिनाने चेतवल्या असत्या. त्याने दोन कामं होतात: वाहक असलेली पेशी मिळते, आणि एंडोटॉक्सिनचा गोंधळ बराच कमी होतो, कारण कॅको-२ एलपीएसला फारशी दाद देत नाही. पेपटी-१ प्रोटॉनच्या जोरावर चालतो, तेव्हा बाहेरचा पीएच ६ ते ६.५ असेल तर तो जास्त उचलतो, ७.४ ला हात आखडता घेतो. ग्लायसिल-सार्कोसिन हे त्याच वाहकाचं नेहमीचं गिऱ्हाईक. ते भरपूर घातलं की केपीव्हीला जागा मिळत नाही. त्या वेलमध्ये परिणाम गेला, तर परिणाम वाहकातून येत होता असं म्हणायला तुम्हाला आधार मिळतो.

मात्रेबद्दल एक गोष्ट मला अजून खटकते. दाल्मासोंच्या त्या कामात कॅको-२ मध्ये वाहकाचा केएम, म्हणजे तो निम्म्या वेगाने चालतो ती मात्रा, सुमारे १६० मायक्रोमोलर आला, आणि परिणाम दिसला १० नॅनोमोलरला. केएमच्या सोळा हजाराव्या भागावर वाहक चालतो, पण अगदी थेंबाथेंबाने. हे अशक्य नाही. आत जाऊन रेणू साठत असेल, किंवा लक्ष्यावर घट्ट बसत असेल. पण तुम्ही १०० मायक्रोमोलरला काम करता आणि संदर्भ १० नॅनोमोलरचा देता, तेव्हा मध्ये दहा हजार पटींची दरी आहे हे लक्षात असू द्या. १० नॅनोमोलरपासून १०० मायक्रोमोलरपर्यंत दहा-दहा पटींच्या पायऱ्या करा. एका मात्रेवरचा परिणाम म्हणजे एका फोटोवरून ठरवलेलं लग्न.

पेप्टाइड वेलमध्ये किती वेळ टिकतं हेही बघा. दुसऱ्या जागी प्रोलिन असलेली पेप्टाइड्स डीपीपी-४ या एन्झाइमचा आवडता घास. ते पहिली दोन अमिनो आम्लं कापून वेगळी करतं. सीरममध्ये ते असतं आणि कॅको-२ च्या पृष्ठभागावर तर भरपूर. गंमत म्हणजे डिप्रोटिन-ए हा डीपीपी-४ चा जुना अवरोधक आयसोल्युसिन-प्रोलिन-आयसोल्युसिन असा आहे, म्हणजे केपीव्हीचा चुलत भाऊच म्हणा. तेव्हा केपीव्ही त्या एन्झाइमपाशी जाऊन कापलं जातंय की त्याला अडवून बसतंय, हे गृहीत धरू नका. शून्य, एक, चार आणि २४ तासांना मीडियमचा नमुना घेऊन मास स्पेकवर मोजा. चार तासांत जवळजवळ सगळं संपत असेल तर तुमचं २४ तासांचं पूर्वउपचार म्हणजे वीस तास रिकाम्या वेलची राखण. नियंत्रणासाठी तीन सुटी अमिनो आम्लं एकत्र आणि उलटसुलट क्रमाचं एक ट्रायपेप्टाइड, त्याच कंपनीकडून त्याच मिठात बनवलेलं, घ्या.

आणि "एन बरोबर तीन" बद्दल. तुमच्या तीन वेल एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधल्या, एकाच प्लेटवर शेजारीशेजारी आहेत. ते तीन प्रयोग नाहीत, एकाच प्रयोगाची तीन मापं आहेत. त्यावर टी-टेस्ट लावून आलेखावर काढलेला, 'फरक खरा आहे' असं सांगणारा तारा पुसून टाका. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर, शक्यतो वेलची नावं दुसऱ्याने झाकून ठेवलेली असताना केलेले तीन प्रयोग हवेत.

गाइडना उंदरांची घाई आहे असं दिसतं. त्यांना एवढंच सांगा. डीएसएस कोलायटिसमध्ये उंदरांचं आतडं सुजवणारं डीएसएस हे रसायन पिण्याच्या पाण्यातून देतात, साधारण अडीच-तीन टक्के, पाचसात दिवस. केपीव्हीही त्याच पाण्यातून दिलं आणि चवीमुळे उंदरांनी पाणी कमी प्यायलं, तर त्यांना डीएसएसही कमी मिळतं, आतडं कमी सुजतं, आणि पेप्टाइडला फुकटचं श्रेय मिळतं. रोज प्रत्येक पिंजऱ्याची बाटली वजन केल्याशिवाय त्या आलेखाला अर्थ नाही. पुढे आतड्याच्या आरएनएवर क्यूपीसीआर करताना ऊतीत उरलेलं डीएसएस एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे आरएनए लिथियम क्लोराइडने धुवून घ्यावा लागतो. न धुतलेल्या नमुन्यांत सगळेच सायटोकाइन (टीएनएफसारखी प्रथिनं) वेडेवाकडे दिसतात, आणि त्यातला सोयीचा आकडा उचलायला हात शिवशिवतात. आणि मळलेली व्हायल प्राण्याला देणं मला मान्यच नाही. तो जीव आहे.

जाता जाता, दर महिन्याला कोणीतरी विचारतंच म्हणून: "हे पेप्टाइड स्वतः घेऊन बघावं का?" नाही. केपीव्हीला औषध म्हणून मान्यता नाही. "फक्त संशोधनासाठी" लिहिलेल्या व्हायलमध्ये काय काय असू शकतं ते वर वाचलंतच.

आता या आठवड्याचं काम. एकच प्लेट लावा. अॅसिटेट बॅच, पहिल्या बॅचचं उरलंसुरलं, तेवढंच सोडियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेट, तेवढंच बफर, डेक्सामेथासोन. प्रत्येकाची एलपीएससह आणि एलपीएसशिवाय अशी जोडी. कडेच्या वेलमध्ये फक्त पाणी, तिथलं मीडियम आटतं. पहिली बॅच संपली असं तुम्ही लिहिलंय, पण लेबल लावलेल्या ट्यूब उणे ८० मध्ये कुठेतरी असतीलच, निदान तळाला ओलावा असलेली एखादी. ती फेकून दिली नसेल तर एंडोटॉक्सिनमुक्त पाण्याच्या २०० मायक्रोलिटरने खळखळून घ्या. एलएएलला १०० पुरतात, उरलेले १०० फिल्टरवर जातील. आलेला आकडा आणि तो २१० चा रकाना मला पाठवा, मग कंपनीला काय लिहायचं ते ठरवू.